टिकल्या, चिंचोके आणि अठरा क्लिक

टिकलीचं पाकीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आरशाच्या कडेला चिकटवलेल्या चार टिकल्या, नाहीतर हळदीकुंकवाच्या ताटातलं वाण. आमच्या महिला मंडळाच्या कपाटात मात्र टिकल्यांची चांगली डझनभर पाकिटं आहेत आणि त्यातली एकही कपाळासाठी नाही! जाड, मखमली, बोट फिरवलं की कळेल अशीच टिकली आम्ही मुद्दाम निवडून आणतो. ती जाते औषधांच्या डब्यांवर. एक टिकली म्हणजे सकाळची गोळी, दोन म्हणजे रात्रीची. तीन टिकल्या असतील तर डबा उघडायचाच नाही, ती मलमाची डबी आहे.

गेली काही वर्षं मंडळाच्या वतीने मी अपंग माणसांच्या घरी जाते. (आता दिव्यांग म्हणतात. म्हणू देत. नाव बदलल्याने गोळीचं पाकीट एका हाताने फाडता येत नाही, एवढं मात्र मी पाहिलंय.) अपंगांना मदत म्हटलं की लोकांना कुबड्या, चाकाची खुर्ची, पांढरी काठी एवढंच आठवतं. ते सगळं हवंच. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ताप येतो, मधुमेह होतो, रक्तदाब असतो, डोळ्यांत थेंब घालायचे असतात, हे कसं काय विसरलं जातं कोण जाणे. डॉक्टर सहज सांगतात, "घरीच घ्या इंजेक्शन, सोपं असतं." सोपं असतं, पण ते दोन डोळे आणि दोन हात असणाऱ्याला. बाकीच्यांच्या घरात मग एक बाई त्या कामाला जुंपली जाते. आई, बायको, सून नाहीतर मुलगी. तिला गावाला जाता येत नाही, आजारी पडता येत नाही. आणि ज्याच्यासाठी ती अडकली, त्याला रोज सकाळ-संध्याकाळ उपकाराखाली दबल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

साताऱ्यात आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक काकू राहतात. सदुसष्ट वर्षांच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी वीस वर्षं खानावळ चालवली आणि त्यावर मुलाचं शिक्षण केलं. मधुमेह जुना, आणि खानावळीच्या धबडग्यात स्वतःच्या जेवणाच्या वेळा कोण पाळतंय? दृष्टिपटलावर रक्तस्राव व्हायला लागले, लेझर झालं, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. तरी २०१९ पर्यंत नजर उजेड आणि सावली ओळखण्यापुरतीच उरली. मुलगा नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवारी येतो. सून इथे बँकेत. दिवसातून दोनदा इन्सुलिन. ते द्यायला जवळच्या दवाखान्यातले एक कंपाउंडर सायकलवरून यायचे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं आणि कंपाउंडरांचं येणं थांबलं. सगळा भार सुनेवर आला. तिला सुईची भयंकर भीती! बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढताना तिचा हात असा थरथरायचा की बघवत नसे. बँका तर चालूच होत्या. संध्याकाळी तिला यायला उशीर झाला की इंजेक्शन उशिरा आणि म्हणून काकूंचं जेवणही उशिरा. "मी कधी जेवायचं ते आता बँकेच्या हिशेबावर ठरतंय गं," काकू मला म्हणाल्या होत्या. हसतच म्हणाल्या, पण पन्नास माणसांना वेळेवर वाढणाऱ्या बाईचं ते हसू होतं.

मग डॉक्टरांनी फोनवरूनच बाटली-सिरिंज बंद करून इन्सुलिनचं पेन लिहून दिलं. पेन म्हणजे जाडसर शाईच्या पेनासारखंच दिसतं. मागचं बटण फिरवायचं, छोट्या खिडकीत आकडा दिसतो, हवा तेवढा आकडा आला की सुई टोचून बटण दाबायचं. सुनेची थरथर कमी झाली. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काकू तिला म्हणाल्या, "हे टिकटिक काय वाजतंय गं?"

एक युनिट फिरवलं की एक टिक.

"म्हणजे अठरा वाजले की तू थांबतेस, होय ना?"

सकाळचे अठरा युनिट, संध्याकाळचे दहा. दिसत नसताना चुलीवरचं तेल तापल्याचं आवाजावरून ओळखणाऱ्या काकू. अठरा मोजायला त्यांना डोळे कशाला हवेत? त्यांनी जाहीर करून टाकलं की उद्यापासून मी माझं घेईन.

घरात जे रणकंदन झालं ते विचारू नका! मुलगा पुण्याहून फोनवर ओरडत होता. सुनेला वेगळीच धास्ती. "उद्या काही झालं तर लोक मलाच म्हणतील, आंधळ्या सासूला स्वतःचं इंजेक्शन घ्यायला लावलं." तिचंही खोटं नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी बोट सुनेकडेच वळतं. दोघींच्या मध्ये मी बसलेले. शेवटी मी पेनाच्या खोक्यातला कागद उघडून वाचला. त्यात स्पष्ट छापलेलं असतं की, दृष्टी नसलेल्या किंवा अधू असलेल्या व्यक्तीने प्रशिक्षित माणसाच्या मदतीशिवाय हे वापरू नये. आणि टिकटिक मोजून डोस ठरवू नये, खिडकीतला आकडाच बघावा.

या ओळीबद्दल माझं मत सांगून टाकते. ती चुकीची नाही. मोजणी चुकू शकते, इन्सुलिन जास्त गेलं तर जिवावर बेतू शकतं. पण मधुमेहामुळेच ज्यांची नजर जाते, त्या माणसांनाच आयुष्यभर हे पेन वापरायचं असतं, हे बनवणाऱ्यांना माहीत नाही काय? आकडा बोलून दाखवणारं घड्याळ कधीचं निघालंय. मग आकडा बोलणारं पेन सगळ्या दुकानांत का मिळू नये? कागदावर ती ओळ छापली की कंपनीची जबाबदारी संपते. काकूंची संपत नाही.

आमचे डॉक्टर शहाणे निघाले. त्यांनी नाही म्हटलं नाही आणि लगेच होही म्हटलं नाही. म्हणाले, तीन आठवडे परीक्षा. काकूंनी पेन फिरवायचं, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि त्यांनी सांगितल्यावरच सुनेने खिडकीत बघून वहीत बरोबर की चूक लिहायचं. तोवर चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवायचं नाही. (यावर काकू म्हणाल्या, "चेहरा मला दिसतोय कुठे!") तीन आठवड्यांत बेचाळीस वेळा. त्यात दोनदा चुकलं, दोन्ही पहिल्या आठवड्यात. एकदा मध्येच कुकरची शिट्टी झाली, एकदा फोन वाजला. मग नियमच ठरला. पंखा, टीव्ही, गॅस सगळं बंद. मोजणी तुटली तर अंदाजाने पुढे जायचं नाही. बटण उलटं फिरवत पार अडेपर्यंत न्यायचं, म्हणजे शून्य, आणि पुन्हा एकपासून सुरू.

याच्याआधी आणखी दोन पायऱ्या असतात. काकूंचं इन्सुलिन दुधाळ, म्हणजे दोन प्रकारचं मिश्रण असलेलं. ते खाली बसतं, म्हणून टोचण्याआधी पेन तळहातांमध्ये घोळवून, वरखाली करून एकजीव करावं लागतं. डोळस माणूस रंग बघून ठरवतो. काकू ऐकतात! आत एक बारीक काचेची गोळी असते, ती इकडून तिकडे घरंगळते त्याचा आवाज येतो. दहा वेळा घोळवायचं, दहा वेळा वरखाली. मग नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडायचे. सुईच्या टोकाशी हाताची पाठ धरली की ओलावा लागतो, म्हणजे वाट मोकळी आहे. त्यानंतरच अठरा. बटण दाबल्यावर लगेच सुई काढायची नाही, मनात दहा आकडे म्हणायचे. काकू आकडे म्हणत नाहीत, गणपती अथर्वशीर्षाची सुरुवात म्हणतात. तेवढाच वेळ जातो म्हणे.

पण टिकटिकीपेक्षा मोठा धोका दुसराच असतो. घेतलं की नाही हेच आठवत नाही! आपण गॅस बंद केला का, हे बघायला परत जातो ना, तसं. पण इथे दुसऱ्यांदा घेतलं तर साखर धाडकन खाली. काकूंनी त्यावर जो उपाय काढला तो मला कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. एका वाटीत नऊ चिंचोके आणि नऊ कवड्या. सकाळचं इंजेक्शन झालं की एक चिंचोका डब्यात टाकायचा, संध्याकाळचं झालं की एक कवडी. शंका आली की वाटीत बोट घालायचं. दोन्ही सारखे असतील तर सकाळचं राहिलंय. चिंचोके एकाने कमी असतील तर सकाळचं झालं, संध्याकाळचं बाकी.

आणि नऊच का? त्याचाही हिशेब आहे. पेनात तीनशे युनिट असतात. अठरा आणि दहा अठ्ठावीस, दोन्ही वेळचे हवेत सोडायचे चार, झाले बत्तीस. नऊ दिवसांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. दहाव्या दिवशी उरतात बारा, तेवढ्यात सकाळचं भागत नाही. म्हणजे वाटी रिकामी झाली की नवं पेन. खानावळीचा हिशेब असाच चालायचा असणार!

सगळं आलबेल चाललं होतं असं मात्र नाही. ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट. संध्याकाळी काकूंनी दहा युनिट घेतले आणि दारात पाहुणे आले. गप्पांत पाऊण तास गेला, जेवण राहिलं. पाहुणे गेल्यावर अंगाला दरदरून घाम, हातपाय लटपटायला लागले. घरात एकट्या. मुलाने बोलणारा ग्लुकोमीटर मागवून दिला होता. तो सगळ्या दुकानांत मिळत नाही, शोधावा लागतो. बोट टोचायचं, ते पट्टीच्या टोकाला नुसतं टेकवायचं, रक्त पट्टी आपणच ओढून घेते, आणि यंत्र आकडा बोलतं. ते म्हणालं, "फिफ्टी एट." सत्तरच्या खाली गेली की धोका, हे काकूंना पाठ. फळीवर ठरलेल्या जागी साखरेच्या पुड्या बांधून ठेवलेल्या असतात, प्रत्येकीत तीन चहाचे चमचे. एक पुडी पाण्यात घालून प्यायल्या, पंधरा मिनिटं बसल्या, पुन्हा टोचलं. "एटी फोर." मग ताट वाढून घेतलं. सून आली तेव्हा त्या शांतपणे भाकरी खात होत्या.

सून ऐकून रडायलाच लागली. तिला वाटलं होतं, बंद करा हे सगळं. पण काकूंचं म्हणणं निराळं. "अगं, हे कंपाउंडर इंजेक्शन देऊन गेल्यावरही झालंच असतं की. तेव्हा माझ्याकडे पुडी नव्हती." त्या दिवसापासून आधी ताट वाढून झाकून ठेवायचं आणि मगच पेनाला हात लावायचा. पुडीत लाडू किंवा चॉकलेट का नाही, असं मला एकीने विचारलं होतं. त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणून साधी साखर नाहीतर ग्लुकोज.

जो मुलगा सगळ्यात जास्त ओरडला होता, तो आता रोज सकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो. काकू पेन फिरवून फोनसमोर धरतात. तो खिडकी बघून म्हणतो, "अठरा." एवढंच. काकू म्हणतात, पूर्वी आठवड्यातून एकदा बोलायचा.

ज्यांच्याकडे अजून बाटली आणि सिरिंज आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन तीव्रतांचं मिळतं. एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट आणि शंभर युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. शंभरचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात. अडीच पट! उलट केलं तर वीसऐवजी आठच. आता लाल आणि नारिंगी हे रंग. नजर अधू झालेल्या माणसाला संध्याकाळच्या दिव्यात ते सारखेच. म्हणून घरात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवायच्या, आणि औषध दुकानातून आणल्यावर डोळस माणसाने बाटली आणि सिरिंज एकमेकांशी ताडून बघायचीच. डोस ठरलेला असेल तर आणखी एक युक्ती आहे. सिरिंजचा दट्ट्या बरोबर हव्या त्या खुणेवर ओढल्यावर बाहेर जेवढा राहतो, तेवढ्याच मापाची प्लॅस्टिकची कडक पट्टी कापायची. भरताना दट्ट्या त्या पट्टीला टेकला की थांबायचं. माप डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि डोस बदलला की पट्टी फेकून द्यायची. दोन पट्ट्या घरात ठेवायच्या नाहीत, नाहीतर घोळ ठरलेला.

दुसऱ्या एका घरी पक्षाघात झालेले काका आहेत, एसटीत कंडक्टर होते. उजवी बाजू गेली. वहिनी सांगत होत्या, माणूस चिडचिडा झालाय. बसून बघितलं तर चिडण्याचं कारण गोळीचं पाकीट! डाव्या हाताने धरायचं कुठे आणि दाबायचं कुठे? वहिनी कामावर गेल्या की दुपारची गोळी तशीच. शेवटी काय केलं, तर वाटीच्या कडेवर पाकीट पालथं ठेवायचं आणि अंगठ्याने दाबायचं, गोळी वाटीत पडते. वाटी सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. पातळ औषधाच्या बाटलीचं झाकण उघडायला सुताराने पाटाच्या तुकड्याला बाटलीच्या मापाचं भोक पाडून दिलं, बाटली त्यात घट्ट बसते. दहा मिनिटांचं काम. सुताराने पैसेही घेतले नाहीत. काकांना वर्षभर हवं होतं ते एवढंच!

संधिवाताने बोटं वाकड्या झालेल्या आजींना काचबिंदूचे थेंब घालायचे असतात, त्यांचंही तसंच. बाटली दाबलीच जात नाही, आणि दाबली तरी थेंब गालावर. एका आजींना डॉक्टरांनी सांगितलं की, हे थेंब फ्रीजमध्ये ठेवलेले चालतील. तेव्हापासून थेंब गार लागतो आणि डोळ्यात पडला की गालावर ते त्यांना लगेच समजतं. अर्थात सगळे थेंब फ्रीजमध्ये ठेवून चालत नाहीत, विचारूनच.

आता जे लिहिणार आहे ते या पानावर लिहावं की नाही, असा विचार मी केला. पण आपणच नाही लिहिलं तर कोण लिहिणार? तालुक्यातल्या एका गावातली मुलगी एकोणिसाव्या वर्षी विहिरीच्या कठड्यावरून पडली. मणका दुखावला, कमरेखालची संवेदना गेली. अशा वेळी लघवी आपली आपण होत नाही, दिवसातून चार-सहा वेळा नळी घालून काढावी लागते. तिची आई ते करायची. आई शेतावर गेली की मुलीने पाणी पिणंच बंद केलं. त्यातून जंतुसंसर्ग, ताप, किडनीवर ताण.

ही नळी स्वतःची स्वतः घालता येते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. जॅक लॅपिडस यांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं. तोवर समज असा की, हे फक्त ऑपरेशन थिएटरसारख्या निर्जंतुक वातावरणातच करायचं. ते म्हणाले, स्वच्छ धुतलेले हात पुरेत, महत्त्वाचं आहे ते वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं होणं. जगभरातल्या कितीतरी मणक्याच्या रुग्णांना त्याने मोकळं केलं. आमच्या मुलीला हे शिकवलं ते मुंबईत, हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पुरुषांना हे तुलनेने सोपं, बाईला स्वतःचं दिसतच नाही. आरसा हवा, पण आरसा धरायला हात कुठे शिल्लक? तिच्या मामाने जुन्या मोटरसायकलचा आरसा दांड्यासकट आणला आणि तो खुर्चीच्या हाताला असा आवळून दिला की हवा तसा वळतो. तोच आरसा रात्री पाठीमागे धरून ती कमरेखालची कातडी तपासते. संवेदना नसली की बसून बसून जखम झालेली कळत नाही, आणि ती चिघळली की महिनोन्महिने भरत नाही.

आता महिन्याभराच्या सरावाने तिला आरसाही लागत नाही, बोटाच्या अंदाजाने जमतं. ती पुन्हा कॉलेजला जायला लागली. आणि तिथे गाडी अडली! कॉलेजच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, दारातून खुर्ची आत जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, इमारती अडथळेविरहित करा असं सांगितलं. कायदा अजून त्या दाराशी पोचायचाय. आम्ही अर्ज दिलाय. दुसराही देऊ.

या सगळ्या युक्त्या आमच्या डोक्यातून निघाल्या असं कुणी समजू नये. पाटाला भोक, बाटलीला पकड, एका हाताने जगायचं कसं, हे शिकवणारं एक शास्त्रच आहे, ऑक्युपेशनल थेरपी. त्याचं भारतातलं पहिलं विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये सुरू केलं ते एका बाईने, कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या सून. आमच्या जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाचं कमला निंबकर बालभवन आहे, शाळा म्हणून ते पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या नावामागचं हे काम किती जणींना माहीत असेल? आज मोठ्या सरकारी रुग्णालयांतून हा विभाग असतो. डॉक्टरांना नुसतं विचारा, "यांना ओटीकडे पाठवता का?" केसपेपरवर एक ओळ लिहून मिळते. अंधांसाठी बोलणाऱ्या आणि स्पर्शाने कळणाऱ्या वस्तू हव्या असतील तर मुंबईत वरळीला राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे नॅब आहे, १९५२ पासूनचा. काय मिळतं, काय नाही, ते फोन करून विचारता येतं.

आणि औषधाच्या दुकानात एक हट्ट धरा. युरोपीय संघाने २००४ मध्येच नियम केला की औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये उठवलेलं असलं पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक खोक्यांवर ते नसतं. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे मोठ्या खपाच्या औषधांवर क्यूआर कोड आला आहे, त्यात नाव, बॅच, मुदत सगळं असतं. ते फोनने वाचून घेता येतं, म्हणजे कोड कुठे छापलाय ते बोटाला सापडलं तर! तोवर निदान दुकानदाराने चार गोळ्या कात्रीने कापून देऊ नयेत. नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर, आणि आपल्या हातात तिसराच. दिसणाऱ्यालाही कळत नाही, तर न दिसणाऱ्याने काय करावं?

वापरलेल्या सुयांचंही तसंच. काकू त्या जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकतात आणि डबा भरला की सून चिकटपट्टी लावून वर ठळक "सुया" लिहून कचरागाडीवाल्यांकडे वेगळा देते. साध्या पिशवीतून गेल्या तर त्या टोचणार कचरा वेचणाऱ्या बाईलाच.

काकूंचं माहेर वाईजवळचं बावधन. रंगपंचमीला तिथे बगाड असतं. नजर गेल्यापासून त्या गेल्याच नाहीत. इंजेक्शन कोण देणार म्हणून. यंदा भाच्याने न्यायला येतो म्हटलंय, दोन रात्री मुक्काम. सून विचारत होती, "आई, मी रजा टाकू का?" काकू म्हणाल्या, "तू कशाला? तुला बगाड आवडत नाही." मग आम्ही तिघींनी बसून पिशवी भरली. एक चालू पेन आणि एक नवं, नव्याला रबर बँड. उन्हात, बसच्या खिडकीशी ठेवायचं नाही, बर्फात तर अजिबात नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ओल्या सुती कापडात गुंडाळून पिशवीच्या मधोमध. सुया सहा, मोडल्या-बिडल्या तर म्हणून दोन जास्त. ग्लुकोमीटर, पट्ट्या, साखरेच्या चार पुड्या. वाटीतले चिंचोके आणि कवड्या त्यांनी स्वतः मोजून रुमालाच्या दोन टोकांना बांधले.

"तिथे ढोल फार वाजतो गं," मध्येच थांबून त्या म्हणाल्या. "अठरा ऐकू येतील का?"

सून म्हणाली, "बटण फिरताना बोटालाही टिक लागते, आई. कान बंद करून बघा."

काकूंनी पेन हातात घेतलं, सुनेने त्यांच्या दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून धरले, आणि मी वही काढून लिहायला बसले.